परदेशात भाड्याची गाडी आणि कागदावरचं नाव

मी उंब्रजहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज आणि बँकेचे फॉर्म यांवर बोलते. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हिला आता परदेशाचं काय पडलंय? पण हल्ली बैठकीत वही भरून झाली की बोलणं तिकडंच वळतं. कुणाची लेक जावयाबरोबर जर्मनीला गेलीय, कुणाची सून दुबईत आहे, कुणी आई बाळंतपण करायला अमेरिकेला निघालीय. फोनवर लेकी सांगतात ती अडचणही बहुतेक सारखीच असते. नवरा कामावर, बस तासाने एक, डॉक्टर लांब. नव्या माणसाला तिथं लगेच स्वतःची गाडी घेणं सोपं नसतं. मग भाड्याची गाडी घेतात.

आपल्याकडे गाडी भाड्याने घेतली म्हणजे ड्रायव्हर आलाच. पालीच्या खंडोबाला जायचं असो नाहीतर चाफळला, आपण जीप ठरवतो, दर ठरवतो आणि मागं बसतो. कुठं घासलं तर ड्रायव्हर आणि मालक बघून घेतात. तिकडं भाड्याची गाडी म्हणजे नुसती किल्ली. चालवायची आपण, तेल आपण घालायचं, दंड आला तर आपण भरायचा आणि घासलं तरी आपणच निस्तरायचं. लाखो रुपयांची वस्तू कंपनी एका अनोळखी माणसाच्या हाती देते, ती त्याच्या सहीवर. म्हणून सही कुणाची आणि कागदावर नाव कुणाचं, याला तिथं फार महत्त्व. गटाच्या कर्जाचं तसंच नाही का? वापरलं कुणीही असो, बँक कागदावरच्या नावालाच विचारते.

एका ताईंच्या लेकीचं सांगते. गाव आणि देश सांगत नाही. जावयांनी महिनाभरासाठी गाडी घेतली होती. विमा होता, पैसे भरलेले होते. करारावर नाव मात्र त्यांचं एकट्याचं. एक दिवस ते कामावर असताना बाळाला ताप चढला. लेकीने गाडी काढली आणि दवाखाना गाठला. पोरगी गाडी चांगली चालवते, पण तिथल्या पार्किंगमध्ये वळवताना खांबाला दार घासलं. गाडी परत केली तेव्हा कंपनीने विचारलं, चालवत कोण होतं? तिने खरं ते सांगितलं. मग विमा लागू झाला नाही, दुरुस्तीचा सगळा आकडा कार्डावर पडला आणि तो फेडायला तीन महिने गेले. गाडीत ती होती, पण कागदावर ती गाडीत नव्हतीच.

म्हणून पहिली गोष्ट. गाडी घेताना दुसरा चालक म्हणून नाव घालता येतं. तिकडं त्याला ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर’ म्हणतात. लायसन्स दाखवायचं आणि सही करायची, पाच-दहा मिनिटांचं काम. बऱ्याच ठिकाणी याचे रोजचे थोडे पैसे पडतात. अमेरिकेत काही कंपन्या पती-पत्नीकडून ते घेत नाहीत, पण तिथंही नोंद करावी लागते का ते तोंडी न विचारता करारावर बघून घ्यायचं. ‘हे आहेत की चालवायला’ असं म्हणून लेकी हे चार पैसे वाचवतात. वेळ पडते ती नेमकी ‘हे’ नसतानाच.

आता नावाचा दुसरा घोळ, जो आपणच तयार करतो. लग्नाआधी काढलेल्या लायसन्सवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव असतं. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. बँकेच्या कार्डावर तिसराच प्रकार, नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. आपल्याला हे सगळं एकच बाई म्हणून ओळखता येतं. काऊंटरवरच्या माणसाला बापाच्या जागी नवऱ्याचं नाव लावायची आपली रीत कुठली माहीत? त्याच्या समोर दोन-तीन वेगवेगळ्या बायकांचे कागद असतात, आणि तो किल्ली देत नाही. त्यात काही पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि मधलं नाव एकाच रकान्यात असतं, मग लायसन्सशी ताळा आणखीनच जमत नाही.

यावर दोन वाटा आहेत. एक, नाव बदलूच नका. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि प्रत्येक बैठकीत कुणीतरी सासूबाई माझ्याकडे डोळे वटारतात. दोन, बदलायचंच असेल तर सगळीकडे बदला. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो, तो आधी काढून ठेवा. लायसन्सवरचं नाव दुरुस्त झाल्यावरच पुढचा परवाना काढा, कारण लायसन्सवर जे नाव तेच त्याच्यावर येतं.

हा पुढचा परवाना म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. लोक त्याला आयडीपी म्हणतात. आपल्याकडे ते १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार देतात. ही एक लहान पुस्तिका असते आणि तुमच्या लायसन्समधली माहिती तिच्यात वेगवेगळ्या भाषांत दिलेली असते. आपल्या भागात त्यासाठी कराडचं परिवहन कार्यालय, ज्याच्या गाड्यांना एमएच ५० नंबर असतो. अर्ज ‘सारथी’ या सरकारी पोर्टलवर भरता येतो, फी १००० रुपये. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, त्याआधी लायसन्स संपत असेल तर तेवढीच. २०२१ मध्ये नियम बदलला. तेव्हापासून अर्ज करताना व्हिसा आणि डॉक्टरचा दाखला दाखवण्याची अट राहिली नाही. त्याच बदलाने आणखी एक सोय झाली. परदेशात असताना परमिट संपलं तर तिथल्या भारतीय दूतावासामार्फत नव्यासाठी अर्ज करता येतो. घरबसल्या आंतरराष्ट्रीय लायसन्स देतो म्हणणाऱ्या संकेतस्थळांच्या मात्र नादी लागू नका.

हे परमिट एकटं चालत नाही. सोबत मूळ लायसन्स लागतंच, झेरॉक्स नाही. आणि लायसन्सवर चारचाकीचा, म्हणजे एलएमव्हीचा शिक्का हवा. आपल्याकडच्या कितीतरी मुलींचं लायसन्स फक्त स्कूटीचं असतं आणि त्यांना वाटतं की लायसन्स आहे. शिवाय पुष्कळ कंपन्या निदान एक वर्ष जुनं लायसन्स मागतात. अमेरिकेत वय २५ च्या आत असेल तर बहुतेक ठिकाणी रोजचा जादा आकार पडतो. म्हणजे व्हिसा आल्यावर क्लास लावून उपयोग नाही. मुलगी कॉलेजात आहे तोवरच तिला चारचाकी शिकवा. आमच्या दोन गटांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या फीसाठी अंतर्गत कर्ज दिलं, आणि शिलाई मशीनच्या कर्जाइतकंच ते मला पटलं.

फिरायला जाणं वेगळं आणि राहायला जाणं वेगळं. हा फरक कळला नाही म्हणून फार जणी अडकतात. दुबईत पाहुणी म्हणून गेलात तर भारतीय लायसन्स आणि आयडीपी यांवर भाड्याची गाडी मिळते. पण रहिवासी व्हिसा झाला की आपलं लायसन्स तिथं चालत नाही, तिथली परीक्षा देऊन तिथलंच काढावं लागतं. जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिने आपलं लायसन्स चालतं, सोबत आयडीपी किंवा भाषांतर ठेवायचं. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा. इंग्लंडमध्ये ही मुदत बारा महिने. अमेरिकेत राज्याराज्याचा कायदा निराळा. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर १० दिवसांत तिथलं लायसन्स घ्यायला सांगतात, न्यू जर्सीत ६० दिवसांत. मुदत संपल्यावर चालवलं तर ते विनालायसन्स चालवणंच ठरतं, आणि मग विम्याचा भरवसा राहत नाही. गाडी देणाऱ्याने किल्ली दिली म्हणून आपण कायद्यात बसलो असं समजू नका. तारीख आपली आपण मोजायची.

पैशाचं आता. भाडं जेवढं दाखवतात त्यापेक्षा जास्त रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. ही अनामत. ती खर्च होत नाही, पण गाडी परत करून हिशेब मिटेपर्यंत वापरताही येत नाही. यासाठी बहुतेक जण क्रेडिट कार्डच मागतात, डेबिट कार्ड कित्येक ठिकाणी चालत नाही. आणि कार्ड मुख्य चालकाच्या स्वतःच्या नावाचं लागतं. नवऱ्याचं कार्ड घेऊन बायको गाडी आणायला गेली तर परत पाठवतात. तिच्या नावावर कार्ड नसेल तर करार नवऱ्याच्या नावाने करून तिचं नाव दुसरा चालक म्हणून घालणं हाच मार्ग. गटाच्या खात्याशिवाय तुमचं स्वतःचं खातं हवं, असं मी इथं सांगते ना? तिकडं गेलेल्या लेकीला तर ते अगदी पहिल्या महिन्यापासून लागतं.

विम्याचं थोडं समजून घ्या, कारण तिथंच सगळ्यात जास्त पैसे जातात. ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ नावाचा एक प्रकार असतो. नाव मोठं आहे, अर्थ एवढाच की गाडीचं नुकसान झालं तर कंपनी ते तुमच्याकडून मागणार नाही. पण त्यात बहुधा एक मेख असते. पहिली ठरावीक रक्कम तुमचीच. समजा ती हजार युरो ठरलीय आणि नुकसान झालं आठशेचं, तर सगळे आठशे तुम्हीच द्यायचे. ही रक्कम किती ते करारावर बोट ठेवून विचारा. काच, टायर, गाडीची खालची बाजू, चुकीचं इंधन घातल्याने झालेला बिघाड, हे बऱ्याचदा विम्यातून वगळलेलं असतं. दुसऱ्या माणसाला किंवा दुसऱ्याच्या गाडीला झालेल्या इजेचा विमा वेगळा. युरोपात तो कायद्याने भाड्यातच असतो. अमेरिकेत तसं धरून चालू नका, तो आहे का आणि कितीचा, हे विचारलंच पाहिजे. तिथं चुकून माणूस जखमी झाला तर दवाखान्याची बिलं ऐकून घेरी येते.

काऊंटरवरचा माणूस घाईत असतो, मागं रांग असते, आणि तो स्क्रीनवर बोट दाखवून म्हणतो, इथं सही करा. प्रवासाने थकलेला माणूस करूनही टाकतो. त्यात नको असलेला विमा, मोठी गाडी, रस्ता दाखवणारं यंत्र असं काहीही चढवलेलं असू शकतं. बँकेत आपण साहेबाला ‘आधी वाचून दाखवा’ म्हणतो की नाही? तिथंही म्हणायचं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं.

किल्ली हातात आल्यावर लगेच निघू नका. गाडीभोवती फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढा. चारी बाजू, चाकं, काच, आतल्या गाद्या, तेलाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. आधीचा ओरखडा असेल तर तो त्यांच्या कागदावर लिहून घ्या. परत देताना पुन्हा तसाच व्हिडिओ. रात्री कार्यालय बंद असताना किल्ली पेटीत टाकून येणार असाल तर फारच जपून, कारण कंपनीने सकाळी गाडी तपासेपर्यंत काही झालं तर ते तुमच्याच अंगावर येऊ शकतं. तेल बहुधा पूर्ण टाकी घेऊन पूर्ण टाकी परत, अशा बोलीवर असतं. पेट्रोल की डिझेल हे टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, ते वाचा, कारण तिकडं पाइप आपणच धरायचा असतो. अमेरिकेत फक्त न्यू जर्सी राज्यात अजून पंपावरचा माणूस तेल भरून देतो, तसा कायदाच आहे. तिथल्या आपल्या लेकींना पेठनाक्याच्या पंपावर आल्यासारखं वाटत असेल.

टोलचं विसरू नका. तासवड्याच्या नाक्यावर निदान दांडी तरी दिसते. दुबईत २००७ पासून ‘सालिक’ आहे, कमानीखालून गाडी गेली की पैसे कापले गेले, थांबायचं कामच नाही. भाड्याच्या गाडीत कंपनी त्या टोलवर आपला आकारही लावते. अमेरिकेतही टोलच्या यंत्राचे रोजचे पैसे लावणाऱ्या कंपन्या आहेत. जर्मनीत मोटारीला टोल नाही, पण शेजारच्या ऑस्ट्रियात किंवा स्वित्झर्लंडमध्ये हमरस्त्यावर जायचं तर टोलचं स्टिकर आधी घ्यावं लागतं, आणि भाड्याची गाडी दुसऱ्या देशात न्यायला कंपनीची परवानगी लागते. वेगाचा दंड तर गाडी परत केल्यावर काही आठवड्यांनीही कार्डावर येतो. म्हणून करार आणि परतीची पावती लगेच फाडून टाकू नका.

लहान मूल असेल तर त्याची खुर्ची लागतेच. कडेवर घेऊन पुढं बसणं तिथं चालत नाही. बाळंतपणाला निघालेल्या आयांनी हे आधीच विचारून ठेवावं. रोजच्या भाड्याने खुर्ची महाग पडते, महिनाभर लागणार असेल तर विकत घेतलेली बरी. गाड्या युरोपात पुष्कळदा गिअरच्या असतात, ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगायची. आणि इंग्लंड सोडलं तर मी नावं घेतली त्या सगळ्या देशांत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. पहिले दोन दिवस मोकळ्या रस्त्यावर सवय करून घ्यावी.

ज्यांच्या लेकी-सुनांचं जायचं ठरतंय त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला येताना तिचा पासपोर्ट, लायसन्स आणि बँकेचं कार्ड यांच्या झेरॉक्स आणा. कार्डाचा नंबर झाकून आणा. वहीचं काम झालं की तिन्ही कागद शेजारी ठेवून नावं अक्षराला अक्षर लावून बघू. कराडला जायचं काम निघालं तर दोघी-तिघी मिळून एकाच दिवशी जाऊ.