पिस्तुलाचा झटका आणि स्प्रिंगचे आयुष्य

मार्च १९११. जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेल्या पिस्तुलातून अमेरिकी लष्कराने दोन दिवसांत ६,००० गोळ्या झाडून पाहिल्या. पिस्तूल तापले की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा झाडायला घ्यायचे. ते एकदाही अडकले नाही. २९ मार्चला लष्कराने ते स्वीकारले आणि ‘एम १९११’ हे नाव जगभर गेले.

त्याची गोळी सुमारे १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला जवळपास २५० मीटर. गोळी जितका संवेग पुढे नेते, तितकाच पिस्तुलाला उलट दिशेने मिळतो. हातात धरले नसते, तर हे १.१ किलोचे पिस्तूल सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास वेगाने मागे उसळले असते. न्यूटनच्या नियमातून कोणत्याही स्प्रिंगची सुटका नाही.

मग नळीखालची स्प्रिंग करते काय? पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि स्प्रिंग दाबली जाते. तिच्यात साठलेली ऊर्जा स्लाइडला पुन्हा पुढे ढकलते, जाता जाता मॅगझिनमधले काडतूस नळीत बसते. हे सारे सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो, तसा इथे तडाखा थोड्या जास्त वेळात विभागला जातो.

म्हणून कडक स्प्रिंग घातली की झटका संपला, हा समज चुकीचा आहे. स्प्रिंग फार कडक असेल, तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. झटका खरोखर कमी करायचा, तर पिस्तूल जड हवे किंवा काडतूस सौम्य. नळीच्या तोंडाशी बसवलेला कॉम्पेन्सेटर वायू वरच्या बाजूला सोडून नळीचे उसळणे आवरतो.

स्प्रिंग मात्र झिजते. वारंवार ताण आला की धातू कमी भारालाही दगा देतो, हे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले. दर गोळीमागे दबणारी स्प्रिंग हळूहळू आखूड आणि ढिली होते. मग पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब उडतात आणि स्लाइड पिस्तुलाच्या सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर, जोरात आदळते. पाच इंची नळीच्या ‘एम १९११’मध्ये साधारण ३,००० ते ५,००० गोळ्यांनंतर स्प्रिंग बदलतात. छोट्या पिस्तुलांत जागा कमी आणि ताण जास्त, त्यामुळे ती बरीच आधी बदलावी लागते.

शस्त्र सांभाळणाऱ्यांनी झाडलेल्या गोळ्यांची नोंद ठेवावी, जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून लांबी ताडून पाहावी आणि निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत ती बदलावी. तडकलेल्या फ्रेमपुढे हा खर्च अगदी किरकोळ आहे.