'वुई कॅन डू इट'वालं पोस्टर सरकारी नव्हतंच! मग ते काढलं कोणी?

डोक्याला लाल रुमाल, बाही वर सारून दंड दाखवणारी बाई आणि वर लिहिलेलं 'वुई कॅन डू इट!'. महिला दिन आला की हे चित्र हमखास फॉरवर्ड होतं. सोबत माहिती असते, "दुसऱ्या महायुद्धात बायकांना कारखान्यात बोलावण्यासाठी अमेरिकन सरकारने हे पोस्टर काढलं."

यातलं महायुद्ध तेवढं खरं आहे.

पोस्टर कंपनीचं होतं

हे पोस्टर वेस्टिंगहाऊस या खासगी कंपनीसाठी जे. हॉवर्ड मिलर या चित्रकाराने केलं. १९४३ साली १५ ते २८ फेब्रुवारी असे दोनच आठवडे ते कंपनीच्या कारखान्यांत लागलं. प्रती साधारण १,८००. पाहणारे आधीच कामावर होते, त्यामुळे भरतीचा प्रश्नच नव्हता.

मग पोस्टर कशाला? कामगारांनी दांड्या मारू नयेत, संप करू नये, उत्पादन वाढावं म्हणून. मिलरच्याच दुसऱ्या एका पोस्टरवर सल्ला आहे: कामाबद्दल शंका असेल तर सुपरवायझरला विचारा! थोडक्यात, 'आपण' म्हणजे कामगार आणि मालक एकत्र. स्त्रीशक्तीचा अर्थ या चित्राला मिळाला तो १९८०च्या दशकात, ते पुन्हा उजेडात आल्यावर.

असं करणारी ही एकटीच कंपनी नव्हती. सीग्राम या दारू कंपनीने बारमध्ये लावायला पोस्टर्स काढली. 'लूज लिप्स माइट सिंक शिप्स', म्हणजे सैल जिभेमुळे जहाजं बुडू शकतात, हे त्यातलंच. प्यायल्यावर माणूस बडबडतो, हे दारू कंपनीपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

संग्राहक यांच्या मागे का असतात?

सरकारी पोस्टर्स प्रचंड संख्येने छापली जायची. कंपनीची मोजकी निघत, मुदत संपली की भिंतीवरून उतरत आणि बहुतेक कचऱ्यात जात. म्हणूनच अस्सल प्रत दुर्मिळ आणि नकलांचा बाजार मोठा.

विकत घेण्याआधी काय पाहायचं?

- आकार: मिलरचं मूळ पोस्टर १७ बाय २२ इंचांचं आहे.
- खालचा डावा कोपरा: मूळ प्रतीवर पोस्टर कधी ते कधी लावायचं, त्या तारखा छापल्या आहेत. बऱ्याच नकलांमध्ये ही ओळ गायब असते.
- कोणाचं नाव: अमेरिकन सरकारी पोस्टरवर सहसा सरकारी छापखान्याची ओळ आणि साल असतं. कंपनीच्या पोस्टरवर कंपनीचं नाव.
- कागद: यूव्ही टॉर्चखाली कागद निळसर-पांढरा चमकला, तर तो बहुधा युद्धानंतरचा. कागद उजळ दिसावा म्हणून वापरलेली रसायनं नंतर रुळली.

पिवळेपणा आणि घड्यांवर भुलू नका. चहाच्या पाण्यानेही कागद जुना दिसतो.

आणि विकत घ्यायचं नसलं, तरी पुढच्या ८ मार्चला हे चित्र आलं की फॉरवर्ड करण्याआधी खालची 'सरकारने काढलं' ही ओळ तेवढी खोडा.