कर्जाचे चित्रपट आणि ऋणको शेतकरी

कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांवरील माहितीपटांपैकी दोन आमच्या वाचकांनी अवश्य पाहावेत. दीपा भाटिया यांचा 'निरोज गेस्ट्स' (२००९) पत्रकार पी. साईनाथ यांच्यासमवेत विदर्भातील आत्महत्याग्रस्त घरांत जातो. बंदिवानांस जाळून उजेड केलेल्या नीरो बादशहाच्या मेजवानीत मुकाट्याने जेवणारे पाहुणे आपणच नव्हे काय, असा त्याचा प्रश्न आहे. मिखा पेलेड यांच्या 'बिटर सीड्स' (२०११) मध्ये विदर्भातीलच कापूसकरी बियाण्यासाठी सावकाराच्या दारी कसा जातो, हे दिसते.

अशा चित्रपटांचा भर दुःख व त्याची कारणे यांवर असतो, आणि तो असावाच. सुटकेचा मार्ग मात्र प्रेक्षकास निराळा शोधावा लागतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमान्वये शेतकऱ्याचे तारण न दिलेले राहते घर, औते आणि कोर्टास आवश्यक वाटतील ती गुरे व बियाणे हुकूमनाम्याखाली जप्त होत नाहीत. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने ऋणकोस स्वतः कोर्टाकडे अर्ज करण्याची मुभा दिली. सावकाराने कर्जापोटी १५ वर्षांच्या आत घेतलेली जमीन २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमान्वये जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते.

वणीच्या परिसरात द्राक्षबागेस मंडप, औषधे व मजुरी यांपायी माल हाती येण्यापूर्वीच मोठी रक्कम घालावी लागते. एका गारपिटीत ती जाते. म्हणून हे चित्रपट घरच्या मंडळींसह पाहावेत आणि त्याच रात्री कर्जाचे कागद त्यांच्यापुढे ठेवावेत. घरापासून लपविलेल्या कर्जावर इलाज होत नाही.