खोली घेताना आधी भिंती पाहा

आज भाड्याच्या खोलीबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, आपलं गावात घर आहे, आपल्याला काय त्याचं? पण नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कामाला आलेल्या कितीतरी बाया इथंच रूम करून राहतात. आपल्या गटांतल्या अनेकींची पोरं शिकायला अमरावतीत रूम करून आहेत. आणि डिपॉझिट जातं ते आपल्याच बचतीतून.

आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलीसाठी अमरावतीत खोली घेतली. डिपॉझिट १०,००० रुपये, गटातून कर्ज काढून भरलं. वर्षानं खोली सोडली तेव्हा घरमालक म्हणाले, कूलरखालचं प्लास्टर तुमच्या पोरीनं पाडलं, मोरीतली फरशी टिचवली. ६,००० रुपये कापून घेतले. फरशी आधीपासून टिचलेली होती, मुलीनं पहिल्याच दिवशी पाहिली होती. पण दाखवणार काय? ना कागद, ना फोटो. मालक मुद्दाम खोटं बोलले असं आम्ही म्हणत नाही. चार भाडेकरू येऊन गेले की कोणती फरशी कोणाच्या काळात फुटली, हे त्यांच्याही ध्यानात राहत नाही. ताई मात्र कर्जाचे हप्ते फेडत राहिल्या.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात कलम १०८ आहे. वेगळं काही ठरलेलं नसेल तर भाडेकरूनं जागा जशी मिळाली तशी परत करायची, असं ते सांगतं. नेहमीच्या वापरानं होणारी झीज भाडेकरूच्या माथी येत नाही. वरवर पाहून दिसणार नाही असा मोठा दोष मालकाला ठाऊक असेल, तर तो त्यानं आधी सांगायचा, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे सगळं भांडण ‘जशी मिळाली’ या दोन शब्दांवर येऊन थांबतं. जशी म्हणजे कशी, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवायचं.

सामान आत नेण्याआधी, खोली रिकामी असताना, दिवसाउजेडी पाहा. बाजेखाली गेलेली फरशी मग कोण पाहतं? उन्हाळ्यात खोली घेतली तर ओल दिसत नाही, म्हणून स्लॅबवर तपकिरी गोल डाग आहेत का ते बघा. एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर विचाराच, बाकीच्या भिंती सोडून इथंच का मारला? आपल्या वऱ्हाडात कूलरची खिडकी सगळ्यात आधी पाहायची. तिच्याखाली पोपडे धरलेले असतात आणि वाद बहुतेक तिथूनच सुरू होतो. नळ पूर्ण सोडून पाहा, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते तुंबतं का बघा. सगळी बटणं दाबा, कड्या लावून पाहा. विजेच्या मीटरचा आकडा आणि मीटर नंबर एकाच फोटोत घ्या, आणि मागचं बिल भरलेलं आहे का तेही विचारा.

प्रत्येक खराबीचे दोन फोटो काढा. एक लांबून, म्हणजे कोणती भिंत ते कळेल. दुसरा जवळून, बाजूला नाणं धरून, म्हणजे भेग केवढी ते कळेल. फोटो त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा, तारीख आपोआप पडते. घरातल्या आणखी कोणाला तरी पाठवून ठेवा, कारण फोन हरवतात. मग साध्या कागदावर यादी करा, दोन प्रती, दोघांच्या सह्या. मालक सही करत नसतील तर भांडू नका, यादीचाही फोटो त्यांना पाठवून द्या. सही मागायला लाज वाटते, हे आम्हाला माहीत आहे. पण गटात शंभर रुपये दिले तरी आपण रजिस्टरवर सही घेतोच ना?

अमरावती शहरात १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, ११ महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. आपली यादी त्या कराराला जोडून घेता येते.

तरीही पैसे अडकले तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

त्याच ताईंच्या धाकट्या मुलीनं यंदा रूम केली. आम्ही दोघीजणी सोबत गेलो होतो. यादीत अकरा गोष्टी निघाल्या. मालकीणबाई आधी जरा फुगल्या, मग चष्मा लावून सगळी यादी वाचली, सही केली, आणि बारावी त्यांनीच सांगितली: मागच्या दाराची बिजागरी ढिली आहे, जपून लावत जा.