घरच्या संगणकाची कडी

आमच्या वस्तीतील एका ताईंनी पतपेढीचे कर्ज काढून मुलीसाठी जुना संगणक घेतला. मुलगी बी.एस्सी.ला. दाखले, गुणपत्रिका, तीन वर्षांच्या नोट्स, सारे तिने त्यात साठवले होते. एके दिवशी एकही फाईल उघडेना. पडद्यावर मजकूर आला : पैसे भरा, तरच कुलूप काढू. शिष्यवृत्तीच्या अर्जाला आठच दिवस उरले होते. मूळ कागद पेटीत होते म्हणून अर्ज गेला. नोट्स मात्र गेल्या त्या गेल्याच.

चौकशी केली तेव्हा कळले, की धाकट्या भावाने महागड्या गेमची चोरीची प्रत उतरवून घेतली होती. 'आधी अँटीव्हायरस बंद करा' अशी त्यासोबत सूचना होती. त्याने ती पाळली. चोराने सांगितले आणि आपणच दाराची कडी काढली! दोष एकट्या पोराचा नाही. आपण मोठ्यांनी त्याला कधी समजावलेच नव्हते.

बंधू-भगिनींनो, संगणकाच्या रक्षणाला पैसेच लागतात हा गैरसमज आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' हा पहारेकरी मुळातच असतो. वेगळे पैसे पडत नाहीत. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'रिअल-टाईम प्रोटेक्शन' चालू आहे ना, एवढे पाहा. दोन-दोन अँटीव्हायरस एकदम बसवू नका. ते एकमेकांना अडवतात आणि संगणक मंदावतो. भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'नेही २०१७ पासून व्हायरस काढण्याची साधने मोफत दिली आहेत.

पहारेकरी असला तरी भिंतीची भोके बुजवावी लागतात. त्यालाच अपडेट म्हणतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले, इंग्लंडमधील सरकारी इस्पितळेसुद्धा. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच मोफत निघाली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले. विंडोज १० साठी नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. आपला संगणक ११ साठी जुना पडत असेल तर जाणत्या मुलाकडून 'लिनक्स मिंट' बसवून घ्या. तेही मोफत आणि रीतसर आहे.

आणखी तीन गोष्टी घरात ठरवून टाका. महत्त्वाच्या फाईलींची प्रत दर रविवारी पेन ड्राईव्हवर घ्या आणि तो काढून कपाटात ठेवा. लावलेलाच राहिला तर त्यालाही कुलूप लागते. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असे पडद्यावर आले तर फोन करू नका. आणि पैशाची फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० वर कळवा.

बाबासाहेबांनी ग्रंथांना जागा हवी म्हणून दादरला राजगृह बांधले. विद्या मिळवायची तशी ती जपायचीही असते. धम्मपदात अप्पमाद वग्ग आहे. अप्पमाद म्हणजे गाफील न राहणे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर मुलांना जवळ बसवा, संगणक सुरू करा आणि कडी लागली आहे का ते त्यांच्यासोबत पाहा.

जयभीम!