इसार देण्यापूर्वी वकील गाठा
नवी मुंबईत गाळा किंवा घर घेणाऱ्या बांधवांसाठी

आपले व्यापारी व कारागीर बांधव वीस-पंचवीस वर्षे राबून जे चार पैसे मागे टाकतात, ते बँकेत व्याजाने ठेवण्यापेक्षा गाळा किंवा घर घेण्यात घालणे पसंत करतात. सध्या ओढा नवी मुंबईकडे आहे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. उलवे-पनवेलकडे दलाल याच दोन गोष्टी सांगून भाव वाढेल म्हणतात. तो प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न, जमीन कोणाची?

सिडकोची स्थापना १९७० ची. शासनाने ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली. सिडको भूखंड देते ते भाडेपट्ट्याने. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसीचे भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने आहेत. म्हणून विक्रेत्याच्या हातातले कागद पाहून भागत नाही. त्याचे नाव सिडको किंवा एमआयडीसीच्या दफ्तरी चढले आहे काय, हे पाहावे लागते. प्रकल्पग्रस्तांना मिळालेल्या साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांचे तर अनेकदा हस्तांतर झालेले असते. तेथे सिडको, मूळ धारक व घेणारा यांचा त्रिपक्षीय करार मागावा. नोटरीचा कागद किंवा कुलमुखत्यारपत्र यांवर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

दिघ्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. तेथील ९९ इमारती अनधिकृत असल्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये पाडापाडी सुरू झाली. रस्त्यावर आली ती पैसे मोजून घर घेतलेली सामान्य कुटुंबे. स्वस्तात मिळते म्हणून घेतलेले घर असे महाग पडते.

मग सल्ला कोणाचा घ्यावा? दलालाचा नव्हे. सौदा झाला तरच त्याला दलाली मिळते. बिल्डरने सुचविलेला वकीलही नको. आपण फी देऊ तो आपला वकील. त्याने दुय्यम निबंधक कार्यालयातील मागील तीस वर्षांच्या नोंदी तपासून लेखी अहवाल द्यावा. वास्तुविशारदाने मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र प्रत्यक्ष बांधकामाशी ताडून पाहावे आणि चटई क्षेत्र मोजावे. नोंदणीकृत मूल्यांकनकाराने आसपास झालेल्या खरेदीखतांवरून भाव सांगावा. या तिघांची फी एकूण किमतीच्या मानाने किरकोळ असते.

उत्पन्नाचा हिशेब आपणच मांडावा. समजा, सर्व शुल्के धरून गाळा ४० लाखांना पडला आणि भाडे महिना १५ हजार आले. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. त्यातून एक महिना रिकामा गेल्याचे १५ हजार आणि मालमत्ता कर, देखभाल व दुरुस्तीचे २५ हजार वजा करा. हाती उरले १ लाख ४० हजार, म्हणजे शेकडा साडेतीन. एवढ्यावर समाधान आहे की तीच रक्कम आपल्या धंद्यात अधिक कामी येईल, हे ज्याने त्याने ठरवावे. पुढे विकण्याच्या हेतूनेच मालमत्ता घेतली असेल तर तिच्या किमतीवर जकातीचा प्रश्न येतो. तो आलिमांना विचारून घ्यावा.

बांधकाम चालू असेल तर रेराची नोंदणी पाहावी. महाराष्ट्रात हा कायदा मे २०१७ पासून पूर्णपणे लागू आहे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. अशा प्रकल्पातील जागा विकणाऱ्या दलालालाही नोंदणी बंधनकारक आहे. त्याचा क्रमांक मागण्यात संकोच नको.

‘माणूस आपलाच आहे, कागद कशाला?’ असे म्हणून अनेक व्यवहार होतात. पण उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, अशी ताकीद सूरह बकरामध्येच आहे. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. त्याने दोघांचेही संबंध टिकतात. घाई करणाऱ्याला एकच उत्तर द्यावे, ‘आमच्या वकिलांचा अहवाल येऊ द्या.’ तेवढे थांबायला जो तयार नसेल, त्याचा सौदा सोडून द्यावा. अल्लाह आपल्या हलाल कमाईत बरकत देवो.