पांडु गर्भिणी आणि सिकलसेल : औषधापूर्वी परीक्षा

गर्भिणीचे आरोग्य हा आयुर्वेदाच्या चिंतनाचा फार जुना विषय आहे. चरकाचार्यांनी शारीरस्थानात गर्भिणीची तुलना काठोकाठ तेलाने भरलेल्या पात्राशी केली आहे. असे पात्र एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना जी सावधता बाळगावी लागते, तीच गर्भिणीच्या आहारात, विहारात व औषधात बाळगावी, असा त्या उपमेचा आशय आहे. केळापूर तालुक्यात चिकित्सा करताना या उपमेचा अर्थ आम्हांस दररोज नव्याने उमगतो. त्याचे कारण म्हणजे येथील गर्भिणींमध्ये वारंवार आढळणारी पांडुता.

नागपूर-हैदराबाद महामार्गावरील पांढरकवडा हे या तालुक्याचे मुख्यालय. जगदंबेचे केळापूर तेथून जवळच. तालुक्यात गोंड, परधान व कोलाम समाजाची मोठी वस्ती असून कोलामांची पोडे आजही मुख्य रस्त्यापासून दूर, जंगलाच्या कडेला आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे. कापूस, तूर व सोयाबीनच्या शेतात सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत काम करणारी स्त्री ‘थकवा येतो, चक्कर येते, रक्त कमी आहे’ म्हणून आपल्याकडे येते. तिच्या पापणीच्या आतील पांढुरकी त्वचा पाहताच आपला हात सवयीने लोहकल्पाकडे किंवा मंडूरकल्पाकडे जातो. या ठिकाणी क्षणभर थांबावे, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

सर्व पांडु एक नव्हे

चरकाचार्यांनी पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व मृद्भक्षणजन्य. पाचवा प्रकार ग्रामीण चिकित्सकास परिचित आहे. गर्भावस्थेत माती, भाजलेली खापरी किंवा राख खाण्याची इच्छा होणाऱ्या स्त्रिया आजही भेटतात. अशा स्त्रीत कृमी व लोहन्यूनता बहुधा हातात हात घालून असतात.

याशिवाय एक पांडु बीजातूनच येतो. बीज, बीजभाग व बीजभागावयव यांची दुष्टी आणि तज्जन्य विकृती यांचे विवेचन शारीरस्थानात आले आहे. सुश्रुताचार्यांनी शुक्रशोणिताच्या दोषातून येणाऱ्या व्याधींस ‘आदिबलप्रवृत्त’ अशी संज्ञा दिली. सिकलसेल हा व्याधी या संकल्पनेत चपखल बसतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. एवढ्या एका बदलाने प्राणवायू कमी होताच रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात आणि अकाली नष्ट होतात. मार्गावरोध आणि रक्तक्षय, दोन्ही एकाच वेळी घडतात.

भारतात या व्याधीची नोंद प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा शोधनिबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे विदर्भास या व्याधीची शास्त्रीय ओळख होऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. हा व्याधी केवळ आदिवासींपुरता मर्यादित नाही. अनुसूचित जाती व इतर मागासवर्गातील काही समाजांतही तो आढळतो. म्हणून आडनाव पाहून चाचणी टाळणे योग्य नव्हे.

चिकित्सेतील तीन धोके

पहिला धोका निदानाचा आहे. सिकलसेलग्रस्त तरुणीस हाडे व सांधे यांत तीव्र वेदना होतात, डोळे अधूनमधून पिवळे होतात. सांधेदुखी पाहून आमवात ठरवला की लंघन व स्वेदन सुचते. पिवळेपणा पाहून कामला ठरवली की विरेचन सुचते. लंघन, स्वेदन व विरेचन या तिन्हींनी शरीरातील जलांश घटतो आणि जलांश घटणे हे पेशी विळ्याकार होण्याचे एक प्रमुख कारण आहे. आमवातात किंवा कामलेत जे शास्त्रशुद्ध, तेच येथे वेदनेच्या तीव्र झटक्यास निमंत्रण ठरू शकते. गर्भिणीस तीक्ष्ण शोधन मुळातच वर्ज्य आहे. या भागात त्या निषेधास हे आणखी एक कारण जोडावे.

दुसरा धोका लोहाचा. सिकलसेलच्या रुग्णात पेशी फुटून निघालेले लोह शरीरातच राहते. वारंवार रक्त द्यावे लागले असेल, तर साठा आणखी वाढतो. अशा गर्भिणीस लोहन्यूनता सिद्ध झाल्याशिवाय लोह देऊ नये. त्यासाठी फेरिटिनची तपासणी लागते. तिला फॉलिक आम्लाची गरज मात्र अधिक असते. वाहक स्त्रीची गोष्ट वेगळी आहे. ती सामान्यतः निरोगी असते, तिला लोहन्यूनता असू शकते व तिला लोह वर्ज्य नाही. रुग्ण व वाहक यांतील हा भेद न जाणता सर्वांचे लोह बंद करणे हीदेखील हानीच होय.

तिसरा धोका कल्पाच्या घटकांचा आहे. पुनर्नवामंडूर पांडु व शोथ यांवर प्रसिद्ध आहे, परंतु त्यात त्रिवृत, दंती, चित्रक व कुटकी आहेत. नवायस लोहातही चित्रक आहे. ‘रक्तवाढीचे’ म्हणून हे कल्प गर्भिणीस सहज दिले जाऊ नयेत. आमलकी, यष्टिमधु व गुडूची असलेले धात्रीलोह त्या मानाने सौम्य आहे. तेही निदान झाल्यावर, अग्निबल पाहून आणि प्रमाणित निर्मितीचेच द्यावे.

चाचणीचा क्रम

गर्भधारणेची नोंद पहिल्या बारा आठवड्यांतच व्हावी आणि त्याच वेळी हिमोग्लोबिन व सिकलसेल या दोन्ही चाचण्या व्हाव्यात. सोल्युबिलिटी चाचणी सोपी व स्वस्त आहे, परंतु ती रुग्ण व वाहक यांत भेद करीत नाही. हिमोग्लोबिन फार कमी असल्यास किंवा नुकतेच रक्त दिलेले असल्यास ती खोटी नकारात्मकही येऊ शकते. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने निश्चिती करावी. स्त्री वाहक निघाली, तर पतीची चाचणी तत्काळ करावी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. हे त्या जोडप्यास शांतपणे, दोष न देता समजावून सांगावे व तज्ज्ञांकडे पाठवावे. गर्भजलाची वा अपरेच्या अंशाची जनुकीय तपासणी विशिष्ट आठवड्यांतच होत असल्याने उशिरा मिळालेला अहवाल निर्णयास उपयोगी पडत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी झाला. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाअंतर्गत शासकीय रुग्णालयांत गर्भिणी तपासणी होते. आपल्याकडे येणाऱ्या गर्भिणीस त्या दिवशी पाठविणे हे आपल्या चिकित्सेचेच एक अंग समजावे.

हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे गर्भिणी पांडुता व ७ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे तीव्र पांडुता. तीव्र पांडुता दवाखान्यात ठेवून घेण्याचा विषय नाही, तो रुग्णालयाचा विषय आहे. ज्ञात रुग्ण गर्भिणीस ताप, छातीत दुखणे, धाप, असह्य हाडदुखी, तीव्र डोकेदुखी, १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब अथवा गर्भाची हालचाल कमी होणे यांपैकी एकही लक्षण असल्यास विलंब न करता रवाना करावे. ताप असल्यास हिवतापाची चाचणीही व्हावी. ती हायड्रॉक्सीयुरिया घेत असेल, तर गर्भधारणा समजताच तज्ज्ञांस कळवावे.

मासानुमासिक पथ्य आणि आपली चूल

निदान झाल्यानंतर आयुर्वेदाचे खरे सामर्थ्य आहारात प्रकट होते. चरकोक्त क्रमात प्रथम मासात असंस्कारित दूध, द्वितीय मासात मधुर औषधांनी सिद्ध दूध, तृतीय मासात मध व तुपासह दूध, चतुर्थात दुधातील लोणी एक अक्ष म्हणजे सुमारे एक तोळा, पंचमात दुधातील तूप, षष्ठ-सप्तमात मधुर औषधिसिद्ध तूप व अष्टमात तुपासह क्षीरयवागू सांगितली आहे. या क्रमाचे सूत्र मधुर, स्निग्ध, द्रव व सुपाच्य असे आहे. सिकलसेलच्या गर्भिणीस द्रव व स्निग्ध यांची जी गरज असते, तिच्याशी हे सूत्र सुंदर जुळते.

पोडावरील घरात रोज दूध-तूप मिळेलच असे नाही. तेथे सूत्र कायम ठेवून द्रव्य बदलावे. ज्वारीची पातळ कण्हेरी, तुरीचे वरण, भाताची पेज, शेंगदाणे, तीळ व गूळ, शेवग्याचा पाला, आवळा आणि जेथे चालते तेथे अंडे, हे तिच्या आवाक्यात आहे. २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचा चौरस आहार देण्याची तरतूद आहे, तिची माहिती द्यावी. ‘कमी खाल्ले तर बाळंतपण सोपे होते’ ही समजूत घरातील सासूबाईंसमक्ष दूर करावी, कारण ताटाचा निर्णय बहुधा त्यांचा असतो. जेवणाबरोबरचा चहा लोहाचे शोषण घटवितो, तो सोडवावा.

वैशाखातील उन्हात शेतकाम वर्ज्य करावे व पाणी दिवसभर थोडे-थोडे प्यावयास सांगावे. लोहाच्या गोळ्यांनी मलावष्टंभ झाल्यास सोनामुखीकडे न वळता भिजविलेल्या मनुका व कोमट दूध-तूप द्यावे. लोह व फॉलिक आम्लाची शासकीय गोळी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस असते. रुग्ण नसलेल्या गर्भिणीची ती आपल्या औषधासाठी बंद करू नये आणि दोन्ही लोहांचा भार एकत्रही लादू नये.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती

पुष्कळदा गर्भिणी वैद्यापूर्वी दुकानात येते. ‘रक्तवाढीचे औषध द्या’ असे कोणी म्हटल्यास तीन प्रश्न विचारावेत : औषध गर्भिणीसाठी आहे काय? कितवा महिना आहे? सिकलसेलची चाचणी झाली आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर बाटलीऐवजी रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. एक विक्री कमी होईल. मात्र त्या घराचा विश्वास पुढील अनेक वर्षे आपल्या दुकानावर राहील.

आधी रोगाची परीक्षा, मग औषधाची योजना, हा क्रम चरकाचार्यांनी घालून दिला आहे. त्यात परकीय असे काही नाही. बोटातून घेतलेला रक्ताचा एक थेंब ही त्या परीक्षेची आजची पायरी आहे. केळापूर, राळेगाव, झरी-जामणी, मारेगाव येथील आपल्या प्रत्येक सभासदाने गर्भिणीच्या केसपेपरवर हिमोग्लोबिनच्या शेजारी सिकलसेलचा एक रकाना आखून घ्यावा व तो रिकामा असेपर्यंत लोहकल्पाचे नाव लिहू नये, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना कळकळीची विनंती आहे.